एक जादा

शिरूरच्या एसटी डेपोसमोर रस्ता ओलांडला की बी-बियाण्यांचं एक दुकान लागतं. त्याच्या वरच्या मजल्यावर आमचं ऑफिस. जिना लोखंडी, बाहेरच्या बाजूने. चढताना खताचा वास येतो, वर पोचलं की चहाचा. खिडकीतून डेपोत शिरणाऱ्या गाड्या दिसतात आणि रांजणगावला कामगार नेणाऱ्या कंपन्यांच्या बसेस. मी खिडकीपाशी बसते.

माझं नाव सुषमा. एका दैनिकाची तालुका प्रतिनिधी म्हणून मी एकोणीस वर्षं बातम्या दिल्या. नाव, गाव, वय, वेळ तपासून, रोज संध्याकाळी सहाच्या आत. ती आवृत्ती बंद पडली तेव्हा सत्यजीतने मला बोलावून घेतलं. कारखान्यांच्या फाटकावर कामगारांची हजेरी घेणारं सॉफ्टवेअर तो तयार करून विकायचा. "ताई, माझ्या पोरांना कोड लिहिता येतो, वाक्य लिहिता येत नाही," असं त्याने मला पहिल्याच दिवशी सांगितलं. सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती निघाली की तिच्यात काय बदललं ते गिऱ्हाइकाला समजेल अशा मराठीत लिहायचं, हे माझं काम. त्याला आम्ही बदलनोंद म्हणायचो.

इथे एक गोष्ट सांगणं भाग आहे. आमचं सॉफ्टवेअर सगळं आमचं नव्हतं. कुणाचंच नसतं. लग्नाच्या मांडवात आचारी एका गावचा, भांडी दुसऱ्याची आणि बँडवाले तिसरीकडचे असतात, तसंच. तारखा मोजणारा तुकडा कुणा परक्या माणसाने लिहिलेला, कार्ड वाचणारा दुसऱ्याने. या तुकड्यांना लायब्ररी म्हणतात. त्यांची एक यादी असते. रोज सकाळी पावणेदहाला आमचा प्रोग्रामर सुरज बटण दाबायचा, की मशीन ती यादी वाचून एकेक लायब्ररी इंटरनेटवरच्या सामाईक भांडारातून आणायचं आणि सगळ्या एकत्र बांधून नवीन आवृत्ती तयार करायचं. याला बिल्ड म्हणतात. काळ्या पडद्यावर दोनशे तेरा ओळी सरसर खाली यायच्या आणि शेवटी एक ओळ: '२१३ लायब्ऱ्या घेतल्या.' सुरज तोपर्यंत चहा संपवायचा.

त्या दोनशे तेरांतली एक लायब्ररी हनुमंतची होती.

हनुमंत केंदूरचा. घर धनगराचं. वडिलांनी, म्हणजे आण्णांनी, मेंढरं विकून त्याला इंजिनिअर केलं. तो आमच्याकडे चार वर्षं होता. घरी बसून, स्वतःच्या वेळात त्याने मोजणीची एक लायब्ररी लिहिली आणि स्वतःच्या नावाने सामाईक भांडारात सगळ्यांसाठी ठेवली. तिचं नाव 'कळप'. आत किती माणसं गेली, बाहेर किती आली, आत किती उरली, एवढंच ती मोजायची. पण मोजायला सुरुवात एकपासून करायची नाही. खळ्यावर धान्य मापताना पहिल्या मापाला एक न म्हणता लाभ म्हणतात, तशी ती 'लाभ'पासून मोजायची. लाभ, दोन, तीन.

आण्णांची रीत होती ती. मेंढरं संध्याकाळी वाघरीत, म्हणजे जाळीच्या कुंपणात, घेताना ते खडे टाकून मोजायचे. पहिला खडा मेंढराचा नसायचा. तो आत उभं राहून राखण करणाऱ्याचा. त्याला कुणी हाकत नाही, तो फटीतून आत येताना कुणाला दिसत नाही, म्हणून त्याला आधी मोजायचं.

दौंड तालुक्यात, चौफुल्याच्या पुढे, दुधाच्या पदार्थांचं एक शीतगृह आमचं गिऱ्हाईक होतं. हनुमंतनेच आण्णांना तिथे राखणीच्या कामाला लावलं होतं. पाळी सुटली, कामगार कार्ड लावून बाहेर पडले, की आण्णा शीतखोल्यांतून फिरून कुणी मागे राहिलं नाही ना ते बघायचे. त्यांना कार्ड नव्हतं. म्हणून सगळे बाहेर पडल्यावरही पडद्यावर 'आत: १' दिसायचं. आण्णा बाहेर येऊन दाराशेजारचं हिरवं बटण दाबायचे, मग शून्य व्हायचं, मग खोल्यांना आपोआप कुलूप पडायचं. आण्णा कधी कधी बटण दाबायला विसरायचे. त्या दिवशी खोल्या रात्रभर उघड्या राहायच्या आणि सकाळच्या अहवालात एक माणूस आत.

नोव्हेंबरमध्ये एका दुपारी सत्यजीत फोन ठेवून बाहेर आला.

"हनुमंता, दौंडवाल्या जयसिंगरावांचा हा चौथा फोन. मॅनेजर माणूस रडकुंडीला आलाय. रोज एक माणूस जादा दाखवतंय म्हणे."

"जादा न्हाई सर तो. राखणीचा हाय."

"राखणीच्याला कार्डच नाही, तर मोजायचा कशाला?"

"कार्ड न्हाई म्हणूनच मोजायचा."

"अरे, ती काय मेंढरं आहेत का?"

"मेंढरं आसती तर येवढं बोलायला लागलं नसतं सर."

सुरज हसला. मीही हसले. हनुमंत हसला नाही. आठवड्याभराने त्याने राजीनामा दिला आणि जाताना सत्यजीतला एवढंच म्हणाला, "लाभ काढू नका."

सत्तावीस नोव्हेंबरला सुरजने 'कळप'ची नक्कल केली, तिच्यातून हनुमंतचं नाव पुसलं, लाभ काढून टाकला. आता शेवटचं कार्ड लागलं की शून्य आणि शून्य झालं की कुलूप. सगळं काम पंचवीस मिनिटांचं. बदलनोंद मी लिहिली: 'मोजणीत एक व्यक्ती जादा दाखवण्याची त्रुटी दूर केली आहे.'

नऊ शब्द. वाक्य स्वच्छ होतं. मी ते दुसऱ्यांदा वाचलंही नाही.

ही आवृत्ती दौंडला सोमवारी, आठ डिसेंबरला दुपारी बसली. त्या रात्री अकरा वाजून चार मिनिटांनी दुसऱ्या पाळीचं शेवटचं कार्ड लागलं. आण्णा तेव्हा दोन नंबरच्या खोलीत होते. सकाळी सात वाजून पाच मिनिटांनी दार उघडलं गेलं. आत उणे बावीस. आतून दार उघडायचा दांडा होता, पण तो बर्फाने धरलेला होता. डॉक्टरांनी लिहिलं, साधारण आठ तास.

शीतगृहवाल्यांचं म्हणणं असं की हा माणूस काम संपल्यावर, परवानगी नसताना आत शिरला. प्यायलेला असावा. पुरावा आमच्याच सॉफ्टवेअरचा होता: ११.०४, आत: ०. आण्णा तंबाखूसुद्धा खात नव्हते.

सत्यजीत दहाव्याला गेला नाही. सुरजने त्या दिवशी रजा घेतली. मी कामावर होते.

*

दहा डिसेंबरला सकाळी सुरजने मला हाक मारली.

"मॅडम, गंमत बघा."

पडद्यावर शेवटची ओळ होती: '२१४ लायब्ऱ्या घेतल्या.'

"एक वाढवलीस?"

"न्हाई ना. यादीत दोनशे तेराच हायत. मोजल्यात मी."

मीही मोजल्या, पट्टी धरून, प्रूफ तपासतात तशा. दोनशे तेरा. सुरजने पुन्हा बटण दाबलं. दोनशे चौदा.

सुरुवातीला त्याला मजा वाटत होती. त्याने यादीतून नको असलेल्या पाच लायब्ऱ्या काढल्या. दोनशे आठ यायला हव्या होत्या, आल्या दोनशे नऊ. त्या पाच परत घातल्या. जुनी साठवण पुसून पाहिली. तिसऱ्या दिवशी नवा लॅपटॉप आणला, ज्यावर कधीच काही चाललेलं नव्हतं. त्यावरही एक जादा. जादा आलेलीला नाव नव्हतं, आकार शून्य होता.

एकोणीस तारखेला त्याने इंटरनेटची वायर काढली आणि बिल्ड चालवलं. नेट नसताना यादीतलं काहीच येऊ शकत नाही. मशीनने प्रत्येक ओळीला 'मिळाली नाही' म्हटलं, दोनशे तेरा वेळा. मग शेवटची ओळ आली.

'१ लायब्ररी घेतली.'

सुरजने लॅपटॉप मिटला. "मॅडम, वास कसला येतोय?"

मला दोन-तीन दिवस येत होता. खताचा नव्हे, चहाचा नव्हे. ओल्या घोंगड्याचा.

सत्यजीतला दाखवलं तेव्हा तो मोबाइलवर बोलत होता. बोलणं न थांबवता त्याने पडद्याकडे बघितलं, मग फोनवर हात ठेवून म्हणाला, "गिऱ्हाइकाला दिसतं का हे? नाही ना? मग सोड."

मला एकच खुलासा पटत होता, की हे हनुमंत कुठून तरी करतोय. जानेवारीच्या दुसऱ्या रविवारी मी केंदूरला गेले.

गावाबाहेर दोन खोल्यांचं पत्र्याचं घर. समोर कांद्याचं रान, मोटारीचा आवाज. हनुमंत रानातून आला, हात धुतले, समोर बसला. मी विचारलं ते त्याने शांतपणे ऐकून घेतलं.

"मॅडम, लॅपटॉप विकला मी. फोन बी ह्यो बघा." बटणांचा होता. "आन् माझी लायब्ररी तर मी काढून घेतली भांडारातनं. दहाव्याच्या दुसऱ्या दिवशी. आता ती जगात कुठंच न्हाई."

त्याची आई, अनसाबाई, उंबऱ्याच्या आत बसल्या होत्या. मांडीवर कापडी चंची. त्यांनी ती जमिनीवर पालथी केली. घोड नदीतले गोल खडे, हाताळून हाताळून काळे पडलेले.

"मालकाचं हायती," त्या म्हणाल्या. एक खडा उचलून बाजूला ठेवला. "ह्यो लाभ. राखणदाराचा. समदी भाईर पडली का मग त्यो भाईर पडतो. शेवटी. तवर ह्यो चंचीत टाकायचा न्हाई."

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं.

"ते म्हंत्यात, आण्णा मागनं शिरला. चोरावानी. बाई, मला दुसरं काय बी नगं. येवढं कुनीतरी लिवून द्या, का आण्णा आतच व्हता. कामावर व्हता."

"अनसाबाई," मी म्हणाले, "एक जादा दाखवतंय, ती चूक काढली, असं जे लिहून गेलं होतं ना, ते मी लिहिलं होतं."



"मंग तुमाला ठावं हाय."

"हो."

"मंग लिवा."

"बघते," मी म्हणाले. एकोणीस वर्षं मी सरकारी कचेऱ्यांत हा शब्द ऐकला होता. त्याचा अर्थ मला माहीत होता. नोकरीची मला गरज होती, हेही लिहून ठेवते.

त्यांनी चहा दिला. मी निघाले तेव्हा त्या खडे गोळा करत होत्या. भाजी निवडताना बोलावं तशा आवाजात म्हणाल्या, "ज्यानं माझा मानूस मोजला न्हाई, त्याला बी कुनी मोजू नये."

हनुमंत मला रस्त्यापर्यंत सोडायला आला.

*

आण्णांच्या मृत्यूच्या चौकशीचे दोन अधिकारी सहा फेब्रुवारीला दौंडला यायचे होते. आदल्या दिवशी सकाळी सत्यजीतने आम्हाला समोर बसवलं. तो ताजातवाना दिसत होता.

"त्यांना बघायचंय की आपलं सॉफ्टवेअर राखणीचा माणूस मोजतं की नाही. आपण दाखवू. सुरज, लाभवाली जुनी 'कळप' परत लाव. मी स्वतः आत उभा राहतो. सगळे बाहेर पडले तरी पडद्यावर एक दिसणार, कुलूप पडणार नाही. म्हणजे काय सिद्ध झालं?"

उत्तरही त्यानेच दिलं.

"म्हणजे त्या रात्री शून्य होतं याचा अर्थ म्हातारा आत नव्हता. नंतर गेला. संपला विषय." मग माझ्याकडे वळून म्हणाला, "आणि ताई, ते नोव्हेंबरचं वाक्य काढून टाका. तसा बदल कधी झालाच नाही."

"छापून गेलेलं आहे ते."

"अहो, पेपर बंद पडला तुमचा, संपादक काही जाईना अंगातनं! जयसिंगरावांकडची प्रत मी बघतो. आपल्याकडची तुम्ही पुसा."

अकरा वाजून वीस मिनिटांनी मी ते वाक्य पुसलं. स्वतःच्या हाताने.

सुरजची अडचण वेगळी होती. जुनी 'कळप' भांडारात नव्हती आणि आमच्याकडच्या प्रती डिसेंबरमध्ये सत्यजीतनेच नष्ट करवल्या होत्या. "सर, ती कुठंच न्हाई आता. आणू कुठनं?"

"यादीत नाव टाकून तर बघ."

सुरजने नाव टाकलं. बटण दाबलं. ओळी खाली येऊ लागल्या. प्रत्येक ओळीत लायब्ररीचं नाव आणि ती कुठून आणली तो पत्ता असतो. शेवटून दुसरी ओळ 'कळप'ची होती. मिळाली. पत्त्याची जागा कोरी.

"आली की!" सत्यजीत म्हणाला.

"सर, पन कुठनं आली?"

"तुला काय करायचंय? आली ना?" तो हसला. "हनुमंता शेवटी कामाला आलाच म्हणायचा."

शेवटची ओळ वाचायला मी वाकले. 'लाभ' असा शब्द तिथे क्षणभर दिसल्यासारखा वाटला, पण सुरजने पडद्यावरची खिडकी बंद केली होती. हे मी खात्रीने सांगू शकत नाही, म्हणून वाटलं असंच लिहिते.

संध्याकाळी तयार आवृत्ती तपासताना तिच्यातली बदलनोंद उघडली. माझं वाक्य जागेवर होतं. मी पुन्हा पुसलं. सुरजने पुन्हा बांधलं. पुन्हा होतं. तिसऱ्यांदाही पुसलं आणि या वेळी उघडून बघितलं नाही.

*

न्हावऱ्यावरून चौफुल्याला जाताना उसाचे ट्रॅक्टर मध्ये येत होते. सत्यजीत गाडी चालवत होता, गाणी लावली होती. दीड वाजता पोचलो. त्याने सगळं नीट तपासलं, हे सांगायला हवं. दोन नंबरच्या खोलीतला आतला दांडा आदल्या दिवशीच नवा बसवला होता. सत्यजीतने तो पाच वेळा वरखाली केला, अधिकाऱ्यांनाही करायला लावला. दार दर वेळी उघडलं. पडदा दाराबाहेर भिंतीवर होता. शेजारी हिरवं बटण.

जयसिंगराव आणि दोन अधिकारी पडद्यासमोर उभे राहिले. मी आणि सुरज त्यांच्या मागे. मी सवयीने वही काढली.

दोन वाजून पंचावन्न मिनिटांनी सत्यजीत जाडजूड कोट घालून आत गेला. जाताना जयसिंगरावांना म्हणाला, "साहेब, एक आइस्क्रीम घेऊन येतो." दार लोटलं गेलं.

तीन वाजता पहिली पाळी सुटली; दुसरीला फाटकाबाहेरच थांबवलं होतं. त्या दिवशी शहाऐंशी कामगार होते. आकडा उतरत गेला. साठ. एकेचाळीस. बारा.

तीन वाजून चार मिनिटांनी शेवटच्या बाईने कार्ड लावलं.

पडद्यावर 'आत: ०' आलं.

कुलूप पडल्याचा आवाज झाला.

"हे काय?" एक अधिकारी म्हणाले.

सुरज पुढे झाला. शून्याच्या खाली, जिथे कधीच काही नसतं, तिथे एक ओळ उमटली होती.

'मोजणीत एक व्यक्ती जादा दाखवण्याची त्रुटी दूर केली आहे.'

"येईल आतनं, दांडा आहे," जयसिंगराव म्हणाले. आम्ही थांबलो. आतून आवाज नव्हता. दारावर थाप नव्हती.

सुरजने मॅनेजरचा पासवर्ड टाकला. उत्तर आलं: 'आत कोणी नाही.'

पुन्हा टाकला. 'आत कोणी नाही.'

जयसिंगराव ओरडत विजेच्या खोलीकडे पळाले. मुख्य पुरवठा तुटला, दिवे गेले, कुलूप सुटलं.

तीन वाजून आठ मिनिटं. मी घड्याळ बघून लिहिलं आहे.

सत्यजीत दाराला पाठ लावून बसला होता. दार ओढताच आडवा झाला, बसल्या आकारातच. पापण्या पांढऱ्या. हाताची नखं फाटलेली.

दांडा दिसत नव्हता. त्याच्यावर वीतभर जाड बर्फ होता.

खोलीत ओल्या घोंगड्याचा वास होता.

*

पुढचं मी बातमी द्यावी तसं देते. डॉक्टरांनी मृतदेह साडेचारला तपासला. मृत्यूपूर्वी थंडीत गेलेला काळ, साधारण आठ तास. आम्ही पाच जणांनी वेळ सांगितल्यावर त्यांनी पुन्हा तपासलं आणि तेच लिहिलं. सत्यजीतचा मोबाइल बंद पडलेला होता. तो पोलिसांनी पाच वाजून दहा मिनिटांनी माझ्यासमोर पाकिटात घालून लाखेची मोहोर लावली. चार दिवसांनी पाकीट फोडून फोन चार्ज केला आणि मला बोलावलं, कारण त्यातले शेवटचे सगळे कॉल माझ्या नंबरला होते. एकेचाळीस. माझ्या फोनवर एकही आलेला नव्हता. पहिला कॉल सहा फेब्रुवारी, दुपारी तीन वाजून पाच मिनिटं. शेवटचा त्याच दिवशीचा, रात्री दहा वाजून बावन्न मिनिटांनी केलेला. त्या वेळी फोन मोहोरबंद पाकिटात, पोलिसांच्या कपाटात होता.

इन्स्पेक्टरने विचारलं, "फोनचं घड्याळ चुकलं असेल, नाही का?" मी म्हणाले, असेल.

सात तारखेला सकाळी सुरजने बिल्ड चालवलं होतं. 'कळप' आपोआप यादीतून गेलेली होती. शेवटची ओळ आली: '२१३ लायब्ऱ्या घेतल्या.' बरोबर. तो टेबलावर डोकं ठेवून रडला. महिनाअखेरीस तो पुण्याला गेला. फोन उचलत नाही.

मी चौकशीला लेखी जबाब दिला. सत्तावीस नोव्हेंबरचा बदल, माझं वाक्य, पाच फेब्रुवारीला मी ते पुसलं तो क्षण, सगळं तारीखवार, सही करून. मार्चच्या पहिल्या आठवड्यात निकाल आला. आण्णा त्या वेळी आतच होते आणि कामावर होते, असं त्यात लिहिलं आहे. ती प्रत मी स्वतः केंदूरला नेली.

हनुमंतने ती आईला दोनदा वाचून दाखवली. दुसऱ्यांदा ऐकताना अनसाबाईंनी पदर तोंडाला लावला. कागदाची घडी घालून तो देवापाशी ठेवला. मग चंची काढली. लाभाचा खडा अजून बाहेरच होता, फळीवर.

"आता टाकता येईल ना तो आत?" मी विचारलं.

"हापिसात कोन हाय आता?"

"सुरज गेला. मी एकटीच. अनितावहिनींनी, सत्यजीतच्या पत्नींनी, गिऱ्हाइकांचे कागद दुसरीकडे देईपर्यंत थांबायला सांगितलंय."

अनसाबाईंनी खड्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं.

"च्या घ्या," त्या म्हणाल्या. खडा फळीवरच राहिला.

आमच्या ऑफिसात दाराशेजारी गिऱ्हाइकांना दाखवायला आमचंच मशीन लावलेलं आहे. तिघं होतो तेव्हा त्यावर 'आत: ३' असायचं. आता मी सकाळी कार्ड लावून आत येते, तेव्हा दोन होतात. संध्याकाळी सहाला कार्ड लावून बाहेर पडते आणि जिन्यावरून काचेतून मागे बघते. आत: १.

ही त्रुटी म्हणून नोंदवायला हवी. वाक्य मला पाठ आहे. मी ते लिहिलेलं नाही.

एप्रिल लागला आहे. बाहेर एकोणचाळीस अंश असतात. काल निघताना दार उघडायला थोडा जोर लागला. आतली कडी ओली होती, आणि बोटं तिला चिकटली.